दूरची भाषा वेगळी, जवळची अशुद्ध

पोलिश आणि फिनिश या भाषांची तुलना करावयास घेतली की आपल्याकडे प्रथम कुळाचा दाखला काढला जातो. पोलिश स्लाव्ह शाखेची, म्हणून इंडो-युरोपीय, म्हणजे मराठीची दूरची बहीण. फिनिश उरालिक, म्हणजे परकी. एवढे सांगितले की तास संपतो. आमचे म्हणणे असे की विषय तोवर सुरूही झालेला नसतो, आणि या आळसाची किंमत वॉर्सात किंवा हेलसिंकीत नव्हे, पुण्याच्या पश्चिमेला मुळशी तालुक्यात मोजली जाते. ते कसे, हे सांगण्यासाठी वाचकांना थोडे व्याकरण सोसावे लागेल.

पोलिशमध्ये मराठीप्रमाणे तीन लिंगे आहेत आणि भूतकाळी क्रियापद कर्त्याचे लिंग दाखवते. आपल्या 'होता, होती, होते'ला तिकडे 'बिउ, बिवा, बिवो' अशी जोड सापडते. फिनिशला व्याकरणिक लिंगच नाही. 'तो' आणि 'ती' या दोहोंसाठी 'हॅन्' हे एकच सर्वनाम. येथवर कुळाचा दाखला खरा ठरतो. पण पुढे पाहावे. 'माझ्याकडे पुस्तक आहे' हे पोलिश माणूस इंग्रजाप्रमाणे मालकीवाचक क्रियापदाने सांगतो: 'माम्'. फिनिश माणूस 'मिनुल्ला ओन्' म्हणतो, म्हणजे अक्षरशः 'माझ्यापाशी आहे'. 'घरात' म्हणताना पोलिश भाषा 'त' आधी ठेवते, 'व्ह दोमु'. फिनिश 'तालोस्सा' म्हणते, 'तालो' म्हणजे घर आणि त्याच्या शेवटी चिकटलेला 'त'. सर्वांत मौजेचा आहे तो नकार. पोलिशचा 'न्ये' हा न बदलणारा शब्द. फिनिशमध्ये नकार हेच क्रियापद आहे आणि ते पुरुष-वचनानुसार चालते: 'एन्, एत्, एइ, एम्मे, एत्ते, एइव्हॅत्'. आता 'तो जात नाही, तू जात नाहीस, ते जात नाहीत' ही वाक्ये सावकाश म्हणून पाहावीत. (फिनिशच्या पंधरा विभक्तींना बिचकणाऱ्यांनी 'घरात, घरातून, घरावर, घरापाशी, घराविना' ही आपली रूपे तिकडच्या रीतीने मोजावीत, आपल्या आठांचा हिशोब फार काळ टिकणार नाही.)

म्हणजे बहीण परकीसारखी आणि परकी घरच्यासारखी. कुळ शब्दांचा उगम सांगते. वाक्याची घडण सांगेलच असे नाही. हे शिकण्यासाठी बाल्टिक समुद्रापर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा सांगली जिल्ह्यातील कुपवाडविषयीचा निबंध 1971 साली प्रसिद्ध झाला. मराठी, उर्दू आणि द्राविड कुळातली कन्नड पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बोलल्या गेल्याने तेथे या भाषांची वाक्यरचना इतकी एकवटली होती की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर होत असे. आपल्या किती मराठी विभागांत हा निबंध वाचला जातो?

आता मुळशी. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे नाव सेनापती बापट आणि 1921चा सत्याग्रह यांमुळे ठाऊक असते. याच तालुक्यात, पौडजवळच्या डोंगरावर, 1997 पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तेथे देशोदेशीचे विद्यार्थी इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अभ्यासक्रम शिकतात, आणि त्या अभ्यासक्रमात एक सुंदर सोय आहे: शाळेत आपल्या भाषेचा शिक्षक नसला तरी विद्यार्थ्याला मातृभाषेतील साहित्य स्वाध्यायाने शिकून त्याची परीक्षा देता येते. उद्या एखादी फिनिश मुलगी तेथे आली, तर तिच्या भाषेला मुळशीत जागा आहे. आम्हांस याचा आनंदच वाटतो. परंतु त्याच तालुक्यात कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, त्यांची स्वतःची बोली आहे, आणि तिला शाळेत मिळणारे नाव एकच: 'अशुद्ध'.

ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने (1905) कातकरीची नोंद मराठीच्या बोलींमध्ये केली. या वर्गीकरणाशी आमचा वाद नाही. वाद आहे तो त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी. फिनिश माणूस वेगळे बोलला की आपण त्याला व्याकरण म्हणतो; कातकरी मूल वेगळे बोलले की आपण त्याला चूक म्हणतो. नाते जवळचे म्हणून भेदाला भेद मानायचे नाही, हा कोणता न्याय? शिवाय त्याला व्यवहाराची बाजू आहेच. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे संविधानाचा 350 अ हा अनुच्छेद 1956 पासून सांगतो. कातकरी 'मराठीच' ठरली की तिची मुले या सोयीच्या हिशोबातच येत नाहीत. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण भाषेच्या वंशावळीचा उत्सव केला. त्या वंशावळीत कातकरीची जागा पायपुसण्याजवळ आहे, हे कोणी बोलले नाही.

आणि ज्या दोन भाषांपासून आम्ही आरंभ केला त्यांनी हे भोगलेले आहे. व्झेश्न्या येथे 1901 साली पोलिश मुलांनी धर्माचा पाठ जर्मनमधून म्हणण्याचे नाकारले आणि प्रशियन शाळेत मार खाल्ला. फिनलंडमध्ये कारभार स्वीडिशमधून चाले. शेतकऱ्यांच्या फिनिशला सरकारदरबारी स्थान देणारे फर्मान 1863 साली निघाले. भोगलेले लोक पुढे शहाणे होतात असेही नाही. पोलंडने काशुबियन भाषेला 2005 साली प्रादेशिक भाषेचा दर्जा दिला, पण सायलीशियनला तोच दर्जा देणारे विधेयक 2024 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी अडवले. कारण ओळखीचे आहे: ती पोलिशचीच बोली.

तौलनिक अभ्यासाच्या नावाखाली काफ्का आणि कामू यांच्यावर प्रबंध लिहिणाऱ्या आमच्या मित्रांना आमची सूचना साधी आहे. वर आलेलेच प्रश्न घेऊन मुळशीत जावे. नकार पुरुषानुसार चालतो काय? मालकी क्रियापदाने सांगतात की 'पाशी'ने? मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत ऐकणाऱ्याला वगळण्या-धरण्याचा जो भेद आहे, आणि जो पोलिश वा फिनिश भाषांतरात सांडून जाईल, तो कातकरीत कसा व्यक्त होतो? उत्तरे देणारी माणसे वाडीवर आहेत. मात्र पावसाळ्यानंतर ती वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला बाहेर पडतात, मुलांनाही सोबत नेतात. जायचे तर दिवाळीच्या आधी जावे.