नंगारा आधी की गळा?

सारी हयात बँकेत गेल्याने मला ताळमेळाचे भारी वेड. एका शाखेतली नोंद दुसऱ्या शाखेत चार दिवसांनी पोहोचायची, तरी वर्षअखेरीला पैशाला पैसा जुळायचा. गाण्याचेही असेच जुळवता येईल, असे मला २०२० च्या चैत्रापर्यंत वाटत होते.

त्या वर्षी २ एप्रिलला रामनवमी होती. टाळेबंदीमुळे पोहरादेवीची यात्रा भरू शकली नाही. मानोरा तालुक्यातल्या नोकरीमुळे ओळखीची झालेली एक भजनी मंडळी तेव्हा पांगलेली होती. नंगारा वाजवणारा आपल्या तांड्यात, थाळीवाला पुण्यात बांधकामावर आणि सत्तरी ओलांडलेले मुख्य गायक यवतमाळला लेकीकडे अडकलेले. फोनवर सगळे एकदम गायला बसले आणि दोन ओळींतच लय विस्कटली.

कारण साधे आहे. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दहा मीटरवरचा नंगारा सेकंदाच्या साधारण तिसाव्या हिश्श्यात कानी पडतो, तेवढे खपून जाते. फोनवरचा उशीर त्याच्या कितीतरी पट. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थबकतो आणि भजन रेंगाळत जाते.

मग माझ्या भाच्याने स्टुडिओतली युक्ती सांगितली. आधी ठेका नोंदवायचा, तो कानात ऐकत इतरांनी आपापला भाग गायचा, वाजवायचा. शेवटी सारे थर एकत्र करायचे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४८ साली एकट्याने असे थर चढवून ध्वनिमुद्रिका काढली होती. आपल्या चित्रपटगीतांतही आता गायक-वादक एकमेकांना न भेटता काम उरकतात.

नंगारा नोंदवून आला. पण बुवांना त्यावर गाता येईना. म्हणाले, "साहेब, नंगारा मायामागून येते. मी त्याच्यामागून कसा जाऊ?"

तेव्हा क्रम उलटा केला. बुवा एकटेच, ठेक्याविना गायले. नंगारेवाल्याने तीन दिवस ते ऐकले. दम कुठे घेतात, शब्द कुठे लांबवतात, हे पाठ केले आणि मग हात टाकला. भजन जुळले.

बुवा आता नाहीत. मंडळीतली तरुण पोरे म्हणतात, तो आवाज यंत्राने ठेक्यात नेमका बसवू, म्हणजे लोक ऐकतील. यंत्राला ते अवघड नाही. पण त्यात बुवांचा दम आणि त्यांचे रेंगाळणेच छाटले जाईल. गोरबोलीतली ही भजने पिढ्यान्‌पिढ्या कानानेच जपली गेली. पोहरादेवीत ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले, ही आनंदाची गोष्ट. मात्र श्वास काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. पोरांनी नवे गाणे खुशाल ठेक्यावर बांधावे. बुवांचे मूळ मुद्रण मात्र जसेच्या तसे राहू द्यावे.

तुमच्याही घरात ओव्या, भजने म्हणणारे कुणी थकलेले माणूस असेल. आजच त्याच्यापुढे फोन ठेवा. ठेका मागाहून येईल. बँकेत आम्ही एका पैशाचाही फरक सोडत नसू. इथे मात्र तो फरक हेच मुद्दल आहे.