लाजरा जपान, रांगडा चीन आणि इतर थापा

चित्रकथांतली जपानी प्रेमकथा लाजते, कोरियन रडवते आणि चिनी थेट मनगट धरून ओढते, हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता बोलणाऱ्याचंच मनगट धरावंसं वाटतं. तीन देश, तीन स्वभाव. झाली समीक्षा!

तो मनगटओढ्या, गडगंज, उर्मट नायक म्हणे चिनी. अहो, १९९२ मध्ये योको कामिओच्या ‘हाना योरी दांगो’त दोम्योजी नावाचं कुरळ्या केसांचं कार्टं हेच करत होतं, आणि तेही जपानी शाळेत! त्याच कथेवर तैवानने २००१ मध्ये, कोरियाने २००९ मध्ये आणि चीनने २०१८ मध्ये मालिका काढल्या. लाजरा जपान हवाय? मग आय याझावाची ‘नाना’ उघडा. तिथे पोटातलं मूल कुणाचं, इथपासून घोळ आहे. आणि कोरियन ‘चीज इन द ट्रॅप’मध्ये नायक प्रेम करतोय की डाव टाकतोय, हेच कितीतरी काळ कळत नाही. रडायला सवड कुणाला?

फरक आहे, पण तो रक्तात नाही. कागदात आणि गल्ल्यात आहे. ‘किमी नि तोदोके’तल्या सावाकोला वर्गातली पोरं भुताच्या नावाने ‘सादाको’ म्हणतात. एक मुलगा तिच्याशी धड बोलतो, एवढ्यावर ती भरून पावते. मनातलं एकमेकांना सांगायला दहाएक खंड जातात. एकूण खंड तीस. हे परवडतं, कारण ज्यात ती कथा छापून येते ते मासिक आधीच विकलं गेलेलं असतं. शिवाय समोरासमोरची दोन पानं डोळा एकदम टिपतो. गजबजलेल्या चौकटींशेजारी एक पांढरी चौकट सोडली की मौन आपोआप ऐकू येतं.

कोरियन कथा वाचतात फोनवर, आणि फोनवर पानच नाही. तिथे मौन म्हणजे अंगठ्याने सरकवायची पांढरी पट्टी. चांगला चित्रकार त्यातूनही श्वास रोखायला लावतो, हे कबूल. पण गल्ला भागागणिक. काकाओपेज या कोरियन ॲपने २०१४ मध्ये ‘थांबलात तर फुकट’ ही युक्ती आणली. म्हणजे उतावळ्यांनी पैसे मोजायचे. मग प्रत्येक भाग कड्यावर लटकणारच, आणि मेलेली नायिका पहिल्याच भागात खलनायिकेच्या देहात जागी होणारच. चिनी ॲपवर तरी निराळं काय? ऑनलाइन कादंबरी उचलायची, रंग भरायचे, कुलूप लावायचं.

परवा रात्री ओठ भेटणार तेवढ्यात कुलूप पडलं. भरले पैसे. पुढचा भाग उघडला तर छताचं झुंबर. अर्धं मिनिट मी अंगठ्याने झुंबरच खाली ओढत होतो.