जगाच्या बातम्यांत सुदान कुठंय?

मंडळी, आठवडाभराच्या जागतिक बातम्या चाळल्या. ट्रम्प आहेत, पुतिन आहेत. सुदान पुन्हा गायब!

15 एप्रिल 2023 पासून तिथं लष्कर आणि हेमेदतीचं निमलष्करी दल सत्तेसाठी लढतंय. एक कोटीहून जास्त माणसं घरं सोडून पळाली. ऑक्टोबर 2025 मध्ये अल फाशर पडलं, कत्तली झाल्या.

तिथलं बरंचसं सोनं जातं दुबईला. या दलाला शस्त्रं पुरवल्याचा आरोप अमिरातीवर आहे, ते नाकारतात. पण जाब विचारतंय कोण? धंदा सगळ्यांचाच अडकलाय.

'ऑपरेशन कावेरी'त आपली माणसं परत आणली, चांगलंच केलं. म्हणून तिथलं युद्ध संपलं का? मेलेल्याचा देश बघूनच हळहळायचं असेल, तर निदान 'वसुधैव कुटुंबकम्' तरी म्हणू नका.