अठरा तासांचा अभ्यास आणि मुलांची झोप

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हे आपण निवासी शाळेतील मुलांना अभिमानाने सांगतो. जो झोपतो तो मागे पडतो, एवढाच बोध त्यातून मुलांनी घेतला, तर तो घातक ठरेल.

परळच्या चाळीतील एका खोलीत संसार होता, तेव्हा सुभेदार रामजी भीमरावांना लवकर झोपावयास लावीत. स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला अभ्यासास उठवीत आणि मगच अंग टाकीत. त्या अडचणीतही पित्याने मुलाच्या झोपेचा वाटा आधी राखला. आपण मात्र त्या कथेतील जागरण तेवढे सांगतो. उत्तरायुष्यात मधुमेह व पायांच्या वेदना सोशीत बाबासाहेबांनी ग्रंथलेखन केले. तो त्याग वंदनीय आहे. परंतु तो बालकांचा दिनक्रम होऊ शकत नाही.

कोरपना तालुक्यात निद्रानाशाची कारणे दारातच आहेत. सिमेंट कारखान्यातील रात्रपाळी, रात्रीच्या विजेवर करावे लागणारे शेताचे ओलीत, कर्जाची चिंता आणि उन्हाळ्यात रात्रीही न निवणाऱ्या भिंती ही मोठ्यांची कारणे. वसतिगृहातील मुलांना परीक्षेची भीती, घराची आठवण, उशिराचा चहा आणि मोबाईल जागवितात. आपल्या भागात आढळणाऱ्या सिकलसेलच्या वेदनाही कित्येकांची झोप मोडतात.

आठवड्यातून किमान तीन रात्री, असे तीन महिने झोप लागली नाही, तर वैद्यक त्यास दीर्घकालीन निद्रानाश म्हणते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह व नैराश्य यांच्याशी त्याचा संबंध आहे. यांपैकी काही विकार उलट झोपही हिरावतात. शिवाय दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होते ते झोपेतच. म्हणून 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तासांची झोप आवश्यक मानली जाते.

तेव्हा पहाटे पाचला उठवावयाचे असेल, तर रात्री नऊलाच दिवे मालवावेत. परीक्षेच्या महिन्यातही हा नियम मोडू नये. वारंवार जागणाऱ्या किंवा वर्गात पेंगणाऱ्या मुलाला आळशी न म्हणता त्याची विचारपूस करावी, गरज पडल्यास डॉक्टरांना दाखवावे. आईवडिलांनी विश्वासाने सोपविलेल्या मुलांच्या झोपेची राखण हे अधीक्षकांचे व शिक्षकांचे कर्तव्यच आहे.