टॅरंटुला पाळायचाय? आधी कागद बघा!

रीलमध्ये तळहातावरचा टॅरंटुला भारी दिसतो. घरी आणला की पठ्ठ्या दिवसभर लपून बसतो. कात टाकायच्या आधी कित्येक आठवडे खाणंच बंद. काळजीपोटी जिवंत रातकिडा आत सोडला, तर कात टाकून मऊ पडलेल्या कोळ्यालाच तो कुरतडू शकतो. हातातून पडला तर पोट फुटून मरतो. मादी जगली तर वीस वर्षंही जगते. म्हणजे तुमचं कॉलेज, नोकरी, लग्न सगळं बघणार!

खरी गोची मात्र कायद्याची आहे. जुलै २०२१ मध्ये चेन्नईत कस्टम्सने पोलंडहून आलेल्या पार्सलमध्ये १०७ जिवंत कोळी पकडले. त्यात मेक्सिकोकडचे ‘ब्रॅकीपेल्मा’ असल्याचं अधिकाऱ्यांनी सांगितलं. वन्यजीवांच्या जागतिक व्यापारावर लगाम घालणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या यादीत हे कोळी आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादी आपल्या वन्यजीव कायद्यात आली. २०२४ च्या नियमांनी यादीतले प्राणी पाळणाऱ्यांना ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली.

इन्स्टावरचा विक्रेता हे कशाला सांगेल? कुरिअर बेंबळीपर्यंतही येतं. पण डबीसोबत कागद नसतील, तर अडकणार आपणच.