अडचण घेऊन या

हैदराबादेत संगणकावर पोट असलेल्यांची संख्या मोठी आहे. महिन्यातून एकदा एकत्र बसून आपल्या हातातले कसब दुसऱ्याला देणारे मात्र त्या मानाने थोडे. अशा बैठका चालवणाऱ्या आणि तिथे जाणाऱ्या वाचकांपुढे आम्हाला या महिन्यात एकच म्हणणे ठेवायचे आहे. वापरकर्त्यांच्या गटाची बैठक अडचणींवर चालावी, भाषणांवर नव्हे.

हे गट मुळात अडचणीतूनच जन्मले. १९५५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात आयबीएम ७०४ हे यंत्र वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाचा गट काढला. प्रत्येक संस्थेत तोच प्रोग्राम नव्याने लिहिला जात होता. एकाने लिहिलेला सर्वांनी वापरावा, हा सरळ हिशेब होता. आपल्याकडची कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ साली उभी राहिली, तीही संगणक वापरणाऱ्यांच्या एका लहान गटातून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ संगणक घडवणारे आर. नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष. म्हणजे अभ्यासक आणि कारागीर यांनी एका पंगतीत बसण्याची रीत या देशातही जुनीच आहे.

हैदराबादने ही रीत आपल्या पद्धतीने चालवली. २००५ पासून काम करणाऱ्या ‘स्वेच्छा’ या संस्थेने मुक्त सॉफ्टवेअर तेलुगूत आणले आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत लिनक्स वापरणाऱ्यांचे गट उभे केले. तेलुगू विकिपीडियाचे कार्यकर्ते सरोजिनी नायडूंच्या ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ या घरात जमत. १९७४ मध्ये हैदराबाद विद्यापीठाचा आरंभ झाला तो याच वास्तूत. हैदराबाद पायथन युजर ग्रुपच्या बैठकांतून शिकलेली माणसे शहराला उपयोगी पडली. २०१८ ची पायकॉन इंडिया ही पायथनची परिषद इथेच भरली, ती त्यांच्यासारख्या स्वयंसेवकांच्या बळावर. स्वयंसेवकांचा असा संच जाहिरात देऊन जमवता येत नाही. महिन्यामागून महिना एकमेकांचे काम पाहिलेले असावे लागते.

पण अलीकडे अनेक बैठकांचा तोल गेला आहे. सभागृह कंपनीचे, वक्ता कंपनीचा, विषय कंपनीच्या नव्या उत्पादनाचा. तासभर स्लाइड चालतात, शेवटची पाच मिनिटे प्रश्नांना, मग चहा आणि ओळखपाळख. अमीरपेटच्या एखाद्या क्लासमध्ये शिकायला नांदेडहून किंवा लातूरहून आलेला मुलगा मागच्या रांगेत गप्प बसून परत जातो. आपला प्रश्न इथे विचारण्याजोगा नाही, असे त्याला वाटते. पुढच्या महिन्यात तो येत नाही, आणि नवी माणसे कमी का झाली याची चर्चा आयोजक करत बसतात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. आता उत्तर फोनवर मिळते, कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की क्षणात मिळते, मग रविवारची दुपार कशाला घालवायची? आक्षेप खोटा नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देते. पण कामातली खरी खोट पुष्कळदा न विचारलेल्या प्रश्नात असते. आपण रोज एखादे काम लांबच्या वाटेने करतो आणि ती लांब आहे हे आपल्याला ठाऊकच नसते. शेजारी बसलेला जाणकार आपला हात चालताना पाहतो आणि म्हणतो, “थांबा, हे असं का करता?” त्या एका वाक्यासाठी बैठक हवी.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांचे एक उदाहरण घ्या. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधात एक टाइप केला तर दुसरा सापडत नाही. एकाच ग्रंथाची प्रकरणे दोघांनी दोन पद्धतींनी टाइप केली की सूची करताना नोंदी गळतात आणि कारण कळत नाही. इनस्क्रिप्ट या कळरचनेत शिफ्ट धरून जे, मग डी, ही एकच पद्धत सर्वांनी ठरवली की प्रश्न मिटतो. अक्षरजुळणी करणाऱ्याला हे दोन मिनिटांत दाखवता येते. आणखी एक गोष्ट हैदराबादकरांच्या विशेष कामाची आहे. इनस्क्रिप्टमध्ये तेलुगू आणि मराठीची समान अक्षरे त्याच कळांवर आहेत. क दोन्हीकडे के वरच. त्यामुळे मराठी जुळणीकाराला शेजारचा तेलुगू जुळणीकार शिकवू शकतो. असे परस्परांचे शिक्षण घडण्यासाठी हे शहर फार अनुकूल आहे.

बैठकीचा आराखडा नव्याने शोधायची गरज नाही. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. पुढे ली फेल्सेनस्टाइन या संचालकाने तिथे शिस्त घातली: आधी एकेकाने उठून आपल्याकडे काय आहे आणि आपल्याला काय हवे आहे ते सांगायचे, मग ज्याला ज्याच्याशी काम त्याने त्याला गाठायचे. ॲपल कंपनीचा पहिला संगणक स्टीव्ह वोझ्नियाकने याच मंडळींपुढे मांडला. आपणही पहिला तास अडचणींना द्यावा, व्याख्यान वीस मिनिटांत आटोपावे आणि सुटलेल्या प्रश्नांची वही ठेवावी. दिवस एकदा ठरला की बदलू नये. चेन्नईच्या लिनक्स गटाने महिन्याचा दुसरा शनिवार वर्षानुवर्षे धरून ठेवला, म्हणून नव्या माणसाला कुणाला विचारावे लागले नाही.

जागेचाही विचार हवा. प्रत्येक बैठक माधापूर-गच्चीबावलीतच का? कोठी, सुलतान बाजार भागात मराठी संस्था पिढ्यान् पिढ्या आहेत. विवेकवर्धिनीची स्थापना १९०७ ची. मेट्रो आता सुलतान बाजारात थांबते. या संस्थांनी महिन्यातून एक दुपार एक खोली उघडून दिली, तर छापखान्यातला जुळणीकार, शाळेतला संगणक शिक्षक आणि दुरुस्तीच्या दुकानातला कारागीर हेही येतील. सध्याच्या बैठकांत हीच माणसे दिसत नाहीत.

बैठक भिशीसारखी असते: प्रत्येकाने आपला हप्ता भरला तरच ती चालते. वीस वर्षांच्या अनुभवींनी आता नवे काय शिकायचे म्हणून घरी राहू नये. त्यांच्याकडून घेणारे तिथे वाट पाहत आहेत. आणि नवख्यांनी संकोच सोडावा. आमची वाचकांना विनंती आहे, की आपल्या भागातल्या गटाच्या पुढच्या बैठकीला जा, न सुटलेली एक अडचण आणि स्वतः सोडवलेली एक अडचण बरोबर न्या. गट नसेल तर चार जण मिळून एक वार ठरवा आणि सुरू करा.