अर्जात नसलेला प्रश्न

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार जात नाही. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांमधून ठाकर-कातकरी बायका डोक्यावर भाजी, जांभळं घेऊन पायी वर चढतात. त्यांच्यासाठी मोठ्या दवाखान्यात जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे. म्हणून स्तनातली न दुखणारी गाठ महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. ज्या घरात आई किंवा मावशी याच आजाराने गेली, तिथे हा उशीर फार महागात पडतो.

स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचे नाते भारतात सुरुवातीला मांडणाऱ्यांत डॉ. कमल रणदिवे होत्या. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमलताई हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या. वडिलांना त्या डॉक्टर व्हाव्यात असे वाटे. त्या वळल्या पेशींच्या अभ्यासाकडे. एमएस्सीसाठी विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रे! पुढे डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी पीएचडी मिळवली, अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकून घेतले आणि परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली.

उंदरांच्या काही जातींत पिढ्यान्‌पिढ्या स्तनाच्या गाठी होतात. त्यात वंशाचा वाटा किती, संप्रेरकांचा किती आणि विषाणूचा किती, हे त्यांनी तपासले. उंदरांत तो विषाणू आईच्या दुधातून पिलांकडे जातो. माणसात तसे सिद्ध झालेले नाही, म्हणून बाळाला दूध पाजताना कोणतीही शंका नको. वंशाचा भाग मात्र माणसातही खरा ठरला. १९९४ साली बीआरसीए-१ हे जनुक हाती लागले. त्यात दोष असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ७० जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी असे आनुवंशिक ५ ते १० टक्केच. पण दोष असलेल्या आईकडून किंवा बापाकडून तो प्रत्येक मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून मावशीइतकीच आत्याचीही चौकशी हवी.

मुंबईत १९९८ पासून दीड लाख स्त्रियांवर झालेल्या टाटा रुग्णालयाच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र फायदा दिसला नाही. आणि आनुवंशिक कर्करोग बहुधा याच वयात गाठतो. या स्त्रियांना आधीच ओळखायला हवे, आणि त्याची पहिली पायरी फुकट आहे: घरात कुणाला झाला होता का, हे विचारणे.

तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई सरकारी तपासणीचा जो अर्ज भरतात, त्यात स्तनातल्या गाठीबद्दल विचारलेले आहे. घराण्याच्या इतिहासाचा प्रश्नही आहे. पण तो रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराचा, तोही आईवडील आणि भावंडांपुरता. कर्करोगाचा शब्द नाही; आजी, मावशी, आत्या तर नाहीतच.

रणदिवे ज्या संस्थेत काम करत, ती पुढे परळहून खारघरला हलली. आज ते टाटा स्मारक केंद्राचे ‘अ‍ॅक्ट्रेक’, म्हणजे माथेरानच्याच रायगड जिल्ह्यात. आनुवंशिक कर्करोगाचा सल्ला तिथे मिळतो. पण डोंगरावरच्या बाईला तिथवर जायचे कशासाठी हेच कुणी सांगितले नाही, तर ती जाणार कशी?

पद्मभूषण मिळालेल्या या विदुषी निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करत होत्या, खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करत होत्या. प्रयोगशाळेतले ज्ञान आपल्या पायांनी वाडीवर जात नाही, ते न्यावे लागते, हे त्यांनी करून दाखवले.

अर्जात तो प्रश्न घालावा आणि ‘हो’ म्हणणाऱ्या बाईच्या हाती पुढच्या तपासणीची चिठ्ठी व जाण्यायेण्याचे भाडे द्यावे. तोवर घरातल्यांनीच विचारावे. आई, मावशी, आत्या, आजी यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, विशेषतः पन्नाशीच्या आत, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगावे.